अंबाबाईच्या गोठ्यातलं भोपाळ

दर रविवारी गावासाठी काहीतरी विधायक करायचं, असा ठराव सौंसरच्या नवयुवक सेवा मंडळानं केला, त्या सभेला विनायक काळबांडे हजर नव्हता. म्हणूनच तो सेक्रेटरी झाला. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत बसतो न बसतो तोच मंडळाचा अध्यक्ष दिलीप पेढे घेऊन दारात उभा. दिलीप संत्र्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. अंगावर कडक इस्त्रीची खादी आणि तोंडात सतत राष्ट्रनिर्माण.

"एकमतानं निवड झाली, विनायकभाऊ!" तो म्हणाला.

आपण नसलेल्या सभेत आपल्याबद्दल एकमत व्हायला वेळ लागत नाही, हे विनायकला कळत होतं. पण तोवर पेढा तोंडात गेला होता.

विनायक तहसील कचेरीत नकलनवीस होता. वय चौतीस, घरी बायको सुनंदा आणि नुकतीच दुसरी पास झालेली मुलगी मीना. चौतिसाव्या वर्षी स्वतःला नवयुवक म्हणवून घ्यायची त्याला जरा लाज वाटली; पण मंडळाच्या घटनेत नवयुवकाची व्याख्या दिलेली नव्हती, आणि ज्या शब्दाची व्याख्या नाही तो आपल्याला सोयीचा लावून घ्यावा, हे बारा वर्षांच्या नोकरीनं त्याला शिकवलं होतं.

पंचावन्न सालचा मे महिना होता. मंडळानं जुन्या बाजारातल्या मराठी शाळेशी सहकार्य करायचं ठरवलं. शाळेचे हेडमास्तर केशवराव गुरुजी अतिशय सभ्य माणूस. त्यांना विचारलं, शाळेला काय हवं? ते संकोचून म्हणाले, "छपराचे चाळीसेक कवेलू फुटले आहेत. पावसाच्या आत बदलून मिळाले तर बरं होईल."

आता कवेलू बदलण्यात राष्ट्रनिर्माण दिसत नाही. दिलीपचा चेहरा पडला. त्याच्या मनात विहीर खणायची होती. तेवढ्यात विनायकची नजर भिंतीवरच्या नकाशाकडे गेली. त्यातलं छत्तीसगड वाळवीनं खाल्लं होतं आणि बस्तर उंदरांनी. विनायकचा जन्म शेताच्या नकाशांच्या नकला करण्यात गेलेला. नकाशा ही आपली गादी आहे असं त्याला वाटे. तो बोलून गेला, "आपण आवारात जमिनीवरच नकाशा करू! सागरपासून अमरावतीपर्यंत सगळा मध्य प्रदेश. मातीचे डोंगर, सिमेंटच्या कडा, आणि नद्यांमधून खरं पाणी!"

एवढं बोलून तो थांबला असता तर आजही सुखात असता. पण दिलीपनं टाळ्या वाजवल्या.

केशवराव गुरुजींनी एकच शंका काढली. "दिल्लीनं राज्यांच्या पुनर्रचनेला कमिशन नेमलं आहे म्हणतात. हद्दी बदलणार. थोडं थांबलं तर?"

"गुरुजी," विनायक अनुभवी हसू हसून म्हणाला, "मी सरकारी माणूस आहे. कमिशनचा कागद हलेपर्यंत तुमची पहिलीतली पोरं मॅट्रिक होतील."

गुरुजींनी एकदा छपराकडे पाहिलं आणि होकार दिला.

आवार मोजलं तर विनायकला ब्रह्मानंद झाला. शाळेच्या आवाराचा वायव्येकडचा कोपरा शेजारच्या अंबाबाईच्या गोठ्यानं आत शिरून खाल्लेला होता. आणि आपल्या प्रांताचाही वायव्येचा कोपरा तसाच खाल्लेला, कारण तिथं भोपाळ आणि मध्य भारत ही वेगळी राज्यं होती. एक फूट म्हणजे सोळा मैल धरलं की प्रांत आवारात असा चपखल बसत होता, जसा काही अंबाबाईच्या सासऱ्यानं भूगोल पाहूनच गोठा बांधला असावा. उत्तर अगदी उत्तरेलाच येत होती.

पहिली अडचण सिमेंटची. ते परमिटवर मिळायचं. विकासखंडाच्या कचेरीत श्रमदानाला सिमेंट होतं, पण कारकुनानं यादी पुढं केली: विहीर, रस्ता, मोरी, वर्गखोली. नकाशा त्यात नव्हता.

"तुमच्या नकाशात पाणी वाहणार म्हणता ना?" कारकून आतल्या गोटातल्या माणसासारखा हळूच म्हणाला. "मग मोरी लिहा."

अशा रीतीनं मध्य प्रदेश कागदावर मोरी झाला आणि बारा पोती सिमेंट मिळालं.

मंडळाचे पस्तीस सभासद होते. पहिल्या रविवारी एकतीस आले, दुसऱ्या रविवारी चौदा, आणि मृगानंतर दिलीप, विनायक आणि नत्थूजी गवंडी एवढेच उरले. त्यातही दिलीप प्रेरणा द्यायचा. श्रमदानाला माणसं कमी पडली तरी सल्ल्याला कधी कमी पडली नाहीत. पोस्टमास्तर रोज टपाल उरकून यायचे आणि कुंपणावर हात ठेवून सातपुड्याची उंची कमी-जास्त करायला लावायचे. शिंप्याचं म्हणणं, अमरावती ठळक दिसली पाहिजे, कारण त्याची लेक तिथं दिली होती. लोधीखेड्याचे लोक बाजाराला आले की विचारायचे, "आमचं लोधीखेडा कुठीसा आहे जी?" सोळा मैलांच्या फुटात लोधीखेडा बोटभर अंतरावर येतं हे त्यांना पटत नसे. जामसावळीचा मारुती तर असलाच पाहिजे, त्यात वाद नव्हता. पण तो शेंदरासकट बसवल्यावर पांढुर्ण्याला जागा उरेना. त्यात नत्थूजी रामाकोन्याचा. त्यानं विनायकचं लक्ष नसताना रामाकोना असा थापला, की परक्या माणसाला ती प्रांताची राजधानी वाटावी.

"नत्थूजी, हे काय करून ठेवलं?"

"राहू द्या ना भाऊ. जराकसं उठावदार झालं, इतकंच."

"अहो, रामाकोना जबलपूरपेक्षा मोठं दिसून राहिलं!"

"जबलपूर कोणी पाह्यलं जी?" नत्थूजी म्हणाला. "रामाकोना तं सारेच पाह्यतेत."

तेव्हाच्या मध्य प्रदेशाची खरी राजधानी नागपूर. तिथं हातभर उंचीचा गोल चबुतरा करायचं ठरलं, म्हणजे त्यावर एक मूल उभं राहील. सौंसरात असं घर नव्हतं ज्याचं नागपूरला कोणी नाही. कोणाचा दावा तिथल्या हायकोर्टात, कोणाचा भाऊ मेडिकलला, कोणाची मेहुणी महाल मोहल्ल्यात. विनायकचं तर सासरच तिथल्या इतवारीत. त्यामुळे जो येई तो म्हणे, "नागपूर पक्कं करजो, नत्थूजी!" नत्थूजीनं उरलेलं सगळं सिमेंट नागपुरात ओतलं.

नद्यांत पाणी सोडलं त्या दिवशी नर्मदा उलटी वाहिली. आवाराचा उतार पूर्वेला होता. दोन रविवार खणून नत्थूजीनं तिला पश्चिमेला वळवली, आणि ती निमाडाला वळसा घालून थेट अंबाबाईच्या गोठ्यात शिरली.

अंबाबाई विधवा. एक म्हैस, एक नात आणि एक जीभ यांच्या बळावर तिनं आयुष्य काढलेलं. ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"विनायका! तुही नर्मदा माह्या गोठ्यात आली."

"मावशी, थोडं पाणी आहे, जिरून जाईल."

"नर्मदेचं पुण्य लागते म्हनतेत, मले मालूम आहे. पन माह्या चांदी म्हशीच्या खुराले चिखल्या झाल्या, त्याचं काय करू? म्हैस काय परिक्रमेले निघाली हाये?"

नेमका त्याच दुपारी मोरी तपासायला ओव्हरसियर आला. त्यानं आवारभर पसरलेले डोंगर पाहिले, शेंदूर फासलेला मारुती पाहिला, आणि बराच वेळ कागदाकडे पाहिलं.

"ये मोरी है?"

"हो," विनायक म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"इतनी टेढ़ी?"

"नैसर्गिक उतारानं गेली आहे, साहेब."

"जाती कहाँ है?"

विनायक काही बोलायच्या आत नत्थूजीनं खरं ते सांगून टाकलं. "खंबातच्या खाडीले, साहेब."

ओव्हरसियरला अजून तीन गावं करायची होती. त्यानं लिहिलं, 'मोरी संतोषजनक. बहाव पश्चिम की ओर.' अंबाबाईनं ते वाचून घेतलं असतं तर तिनं बहावाची साक्ष तिथंच दिली असती.

दोन ऑक्टोबरला उद्घाटन झालं. गुरुजींनी कवायत बसवली होती. प्रत्येक जिल्ह्यात एक मूल उभं. "मी अमरावती, माझ्याकडे कापूस!" "मी बालाघाट, माझ्याकडे मँगनीज!" आणि चबुतऱ्यावर, हातात केशरी कागदाची पताका घेऊन, शाळेतला सगळ्यात खणखणीत आवाज: "मी नागपूर! राजधानी!" तो आवाज मीनाचा होता. सुनंदानं डोळ्याला पदर लावला. विनायकला वाटलं, आपला जन्म फुकट गेला नाही.

आठव्या दिवशी कमिशनचा अहवाल छापून आला.

पुढचं वर्ष कसं गेलं ते विनायकच जाणे. अहवालात विदर्भ वेगळा होता. मग तो महाराष्ट्रात गेला. मग मुंबई राज्यात सगळेच एकत्र आले. प्रत्येक बातमीला माणसं वर्तमानपत्र घेऊन शाळेच्या आवारात येत आणि विनायकला खडूनं नवी रेघ मारायला लावत. रेघ कशीही पडली तरी एक गोष्ट बदलत नव्हती. सौंसर-पांढुर्णा रेघेच्या वर, आणि सौंसर-पांढुर्ण्याची सारी सोयरीक रेघेच्या खाली.

"बोली मराठी, पोरी दिल्या नागपुराकडं, अन् कागद न्याचा भोपाळले?" शिंपी विचारायचा. "हे काय केलं, विनायकभाऊ?"

जणू विनायकनंच केलं होतं! लोकांना दिल्ली दिसत नव्हती. खडू हातात घेतलेला विनायक दिसत होता. तो खाली मान घालून रेघ पुसायचा.

छप्पनच्या सप्टेंबरात शाळेला पत्र आलं: एक नोव्हेंबरपासून नवी राज्यं, शाळांतले सर्व जुने नकाशे त्याआधी काढून टाकावेत किंवा दुरुस्त करावेत. भिंतीवरचा नकाशा गुरुजींनी गुंडाळून ठेवला. आवारातला गुंडाळता येत नव्हता. ते विनायकच्या घरी आले आणि चहा न घेता बसून राहिले.

"विनायकराव, आपण मिडल शाळेचा अर्ज केला आहे. डिसेंबरात नवे इन्स्पेक्टर येतील. मान्यता मिळाली तर इथं पाचवी सुरू होईल." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नाही मिळाली तर या मोहल्ल्यातल्या मुली नेहमीसारख्या चौथीनंतर घरी बसतील. आणि साहेबांना आवारात पाऊल टाकताच जुनी राजधानी दिसली तर मी काय उत्तर देऊ?"

मीना त्या वर्षी चौथीत होती. ती दाराआडून ऐकत होती, हे दोघांनाही दिसत होतं.

कामं दोन होती. आठ जिल्हे फोडून काढायचे आणि भोपाळ घालायचं. विनायकनं फोडण्यापासून सुरुवात केली. बुलढाणा, अकोला चार घावांत निघाले. अमरावतीवर लोखंडी सब्बल उचलली तर शिंपी दुकान सोडून धावत आला आणि अमरावतीत उभा राहिला. "माह्या लेकीचं गाव हाये, भाऊ. माह्यावरून जा." विनायक त्याला वळसा घालून नागपूरकडे गेला.

नागपूर फुटेना. सब्बल मारली की टणकन् उसळून येई. नत्थूजीनं घण आणला. घणाचा दांडा मोडला.

"सिमेट लय पिलं ना त्यानं," नत्थूजी घाम पुसत म्हणाला. त्याच्या आवाजात दुःखापेक्षा अभिमान जास्त होता. "सारेच म्हनत होते, पक्कं कर."

कुंपणावर माणसं जमली. पोस्टमास्तरांनी सुचवलं, सुरुंग लावा. कोणी म्हणालं, भोवती शेकोटी पेटवून वर पाणी ओता. एक म्हातारा नुसताच म्हणाला, "कायले फोडता बाप्पा? काय बिघडवलं त्यानं?" नत्थूजीनं मोडलेला दांडा उचलून बाजूला ठेवला.

संध्याकाळी घरी आल्यावर सुनंदानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, तोही जमिनीवर आपटून.

"नागपूर फोडाले गेलते म्हणे."

"अगं, सरकारी पत्र आहे."

"फोडा ना, मी काय म्हणते? पण फोडलं की मंग घरी येऊ नका. तिकडूनच भोपाळले जा. तिथीसाच भाकरी खा."

"ते सिमेंट आहे, सुनंदा! तुझं माहेर नाही!"

"मंग तुमच्यानं फुटलं काऊन नाही?"

विनायकनं तांब्या तोंडाला लावला. मीनानं तर बोलणंच सोडलं होतं. केशरी पताका तिनं कुठं लपवली, ते कोणाला सांगत नव्हती. विनायकनं तेरा वर्षांत साहेबांची बोलणी खाल्ली होती, पण नऊ वर्षांच्या मुलीनं पाठ करून झोपावं, असा मेमो त्याला कधी मिळाला नव्हता.

शेवटी तडजोड निघाली. उरलेल्या विदर्भाला चुना फासायचा. पांढरं म्हणजे परराज्य. आता उरलं भोपाळ. विनायकनं टेप धरली. होशंगाबादेहून अडीच फूट उत्तरेला म्हणजे भिंतीपलीकडे, अंबाबाईच्या गोठ्यात, चांदीच्या मागच्या पायाशी. इंदूर गव्हाणीत येत होतं आणि ग्वाल्हेर उकिरड्यात.

जादा सिमेंटसाठी त्यानं अर्ज केला. तो नागपूरहून परत आला: 'या कार्यालयाचा आता संबंध नाही. भोपाळला लिहावे.' भोपाळला लिहिलं तर उत्तर आलं की अर्ज हिंदीत करावा. हिंदीत केला. मग कळवण्यात आलं, की सदर मोरी पूर्ण झाल्याची नोंद असून पूर्ण झालेल्या मोरीला सिमेंट देता येत नाही. ही तीन पत्रं विनायकनं फाइलला लावली, आणि सिमेंटशिवाय भोपाळ मागायला अंबाबाईकडे गेला.

ती दूध काढत होती. त्यानं सगळं समजावून सांगितलं. तिनं आधी चरवी भरून घेतली.

"म्हंजे राजधानी माह्या गोठ्यात येते म्हनतं?"

"हो, मावशी. मान आहे तुमचा."

"मान मले नोको सांगू. माही चांदी हलनार नाही. ते नुकती व्यायली हाये. राजधानीनं तिच्या बाजूनं उभं राहावं. अन् नर्मदा आधी तिकडं वळव. अन् भिताड पाडलं तं परत बांधून देजो. अन्..." तिनं गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या नातीकडे हनुवटी केली. "जागा आमची हाये, तं राजधानी आमचीच जयश्री होईन. दुसऱ्याची पोट्टी नाही."

जयश्री पहिलीत होती आणि तिला 'भोपाळ' म्हणता येत नव्हतं, ती 'भोपळा' म्हणायची. विनायकनं चारी अटी मान्य केल्या. भिंतीला हातभर रुंद खिंड पाडली, चांदीच्या बाजूला चार विटा रचल्या आणि त्यावर जयश्रीला उभं करून रोज पंधरा मिनिटं 'भोपाळ, भोपाळ' घोकून घेतलं. म्हैस रवंथ करता करता ऐकायची. चौतीस, आता पस्तीस वर्षांचा सरकारी माणूस, गोठ्यात उकिडवा बसून एका पोरीला राजधानी शिकवतो आहे आणि मागून पोस्टमास्तर उच्चार दुरुस्त करताहेत, हे दृश्य तहसीलदारांनी रस्त्यावरून जाता जाता पाहिलं. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इन्स्पेक्टरसाहेब आले. उंच, सडपातळ, गळ्यात राखाडी मफलर. नव्या राज्यात कुठूनशी बदली होऊन आले होते. हसत नव्हते. वर्ग पाहिले, हजेरीपट पाहिले, छपरातून येणारं ऊन पाहिलं. मग आवारात आले आणि नकाशाच्या कडेला थबकले.

"ये सफ़ेद क्या है? बर्फ़?"

"जी नहीं," केशवराव गुरुजी आपल्या हिंदीत म्हणाले. "वो बम्बई राज्य है. हम उसको चुना लगाया."

दिलीप खोकला. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. गुरुजींनी घाईनं शिट्टी वाजवली आणि कवायत सुरू झाली. सागर बोललं, जबलपूर बोललं, मंडला बोललं. विदर्भातली आठही मुलं बिनजिल्ह्याची होऊन व्हरांड्यात बसली होती, त्यांत सगळ्यांत पुढं गुडघ्यांत डोकं घालून मीना.

"और राजधानी?" साहेबांनी विचारलं.

गोठ्यातून आवाज आला नाही.

"राजधानी!" गुरुजी ओरडले.

"आजी वं!" गोठ्यातून रडका आवाज आला. "चांदी माही पताका खाऊन राहिली!"

पाठोपाठ भिंतीच्या खिंडीतून जयश्रीच बाहेर आली, हातात नुसती काडी. रडत रडत तिनं होशंगाबाद ओलांडलं, बैतूल तुडवलं, आणि वर्षभर राजधानी जिथं उभी राहिलेली तिनं पाहिली होती तिथं, पांढऱ्या चबुतऱ्यावर, चढून उभी राहिली.

"मी भोपळा! राजधानी!"

मीनाच्यानं हे पाहवेना. ती व्हरांड्यातून धावत आली आणि तीही चबुतऱ्यावर चढली. "ते नागपूर आहे! तू तिथं उभी राहू नको!"

"मीच राजधानी हाये! आजीनं सांगतलं!"

"असशील! पण जागा माझी आहे!"

दोघी एकमेकींना ढकलू लागल्या. विनायकनं डोळे मिटले. मिडल शाळा गेली, पाचवी गेली, आणि तीही आपल्याच पोरीच्या पायानं गेली, एवढंच त्याच्या मनात आलं.

डोळे उघडले तेव्हा साहेब चबुतऱ्यापाशी वाकून उभे होते.

"बिटिया, राजधानी कौन है?"

मीनानं ओढणीसारखा लोंबणारा फ्रॉकचा पट्टा गच्च धरला. "आधी मी होती. आता ही आहे."

"तो अब तुम कौन हो?"

"कोणी नाही," मीना म्हणाली, आणि इतका वेळ न रडलेली मुलगी रडायला लागली.

साहेब सरळ झाले. मफलर नीट केला. मग गुरुजींकडे वळून एकदम म्हणाले, "मास्टरजी, रीवा कहाँ है?"

गुरुजी गोंधळले. मदतीला विनायक पुढं झाला. जबलपूरच्या वर त्यानं नजरेनं सात-आठ फूट मोजले. त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, रीवा... पाण्याच्या माठापाशी येतं. तिथवर नकाशा नाही."

साहेब चालत चालत आवाराच्या टोकाला गेले आणि माठांजवळ उभे राहिले. थोडा वेळ खाली जमिनीकडे पाहत होते. तिथं सांडलेलं पाणी आणि एक गळका पेला होता.

"विंध्य प्रदेश की राजधानी थी," ते म्हणाले. मोठ्यानं नाही. "हमारी भी गई. उसी दिन." मग त्यांनी मान वर केली. "फिर से शुरू कीजिए. सब बच्चे. सफ़ेद वाले भी."

शिट्टी वाजली. व्हरांड्यातली मुलं चुन्यात जाऊन उभी राहिली. शिंपी कुंपणावरून पुढं वाकला, कारण अमरावती बोलत होती. मीनानं नाक पुसलं, जयश्रीला हात धरून खाली उतरवलं, भोपाळच्या दिशेला तोंड करून उभं केलं, आणि परत चढली. "मी नागपूर!" तिनं सांगितलं. पुढं काय म्हणावं ते तिला सुचलं नाही. ती तशीच उभी राहिली. सगळे जिल्हे संपले तेव्हा माठांकडून एक घोगरा, मोठ्या माणसाचा आवाज आला:

"मैं रीवा."

कोणी हसलं नाही. अंबाबाईसुद्धा.

व्हिजिट बुकात साहेबांनी पान भरून लिहिलं. मिडल शाळेची शिफारस केली होती. शेजारच्या राज्याची माहिती विद्यार्थ्यांना उपयुक्त असल्यानं पांढरा भाग काढू नये असं होतं. आणि खाली: 'नवयुवक मंडल के उत्साही सेक्रेटरी मार्च तक रीवा, ग्वालियर और इंदौर सीमेंट में पूर्ण कर लें.' छपराबद्दल एक अक्षर नव्हतं. गुरुजींनी ते पान दोनदा वाचलं, मान वर करून कवेलूंकडे पाहिलं, आणि विनायकचा हात दाबला.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मीना पुढं पळत गेली होती. सुनंदा चुलीपुढं पाठमोरी बसली होती.

"काय म्हणले साहेब?"

"मिडल होणार. मीना पाचवीत जाईल." विनायक पाटावर बसला. त्याच्या नखांत चुना होता. "आणि मला मार्चच्या आत माठ हलवून रीवा करायचं आहे. इंदुरासाठी अंबामावशीची गव्हाण मागायची आहे. ग्वाल्हेर कोणत्या अर्जावर मागू ते मला अजून माहीत नाही. मला एक सांग, कोणी सांगितलं होतं मला?"

सुनंदानं तव्यावरची भाकर उलटली.

"अन् नागपूर?"

"आहे तिथंच आहे."

 तिनं ताट त्याच्यापुढं सरकवलं, आणि तो नेहमी दोन खायचा हे ठाऊक असून त्यात न विचारता तिसरी भाकर वाढली.